सोडायला नको, आणायला या

शुक्रवार, रात्री उशिरा

उद्या मुलांना घेऊन बंगलोरला. नवऱ्याची बदली झाल्यापासून हे जाणं-येणं मागे लागलंय. विमान दुपारचं आहे, पण घरात कालपासूनच लगबग. बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, एकच पालुपद: "मी येतो सोडायला." आईंचं वेगळं: "दोघांना घेऊन एकटी कशी गं जाशील?" भाऊजी हाफ डे टाकायला तयार. आपल्याकडे माणूस गावाला निघाला की अर्धी बिल्डिंग निघते, त्याचंच हे विमानतळावरचं रूप.

जेवताना सांगूनच टाकलं, सोडायला कुणी येऊ नका. आईंचा चेहरा पडला. पण मला खरंच तसं वाटतं. टर्मिनलच्या दारात सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो. तिकीट नसलेल्याचा प्रवास तिथेच संपतो. बाबा दारापर्यंत येणार, नातवाचा पापा घेणार, आणि आजोबा आत येणार नाहीत हे थोरल्याला नेमकं तिथे कळणार. मग भोकाड. मागे रांग, कडेवर धाकटी, हातात तीन जणांची ओळखपत्रं. तेच रडणं घरी लिफ्टपाशी झालं तर एका चॉकलेटात मिटतं.

शिवाय जाताना मी ताजी असते. बॅगा मी भरलेल्या असतात, कुठे काय आहे ते पाठ असतं, मुलं झोपून उठलेली असतात. लागेल तेवढा वेळ हाताशी ठेवता येतो. मदत लागते ती येताना. हे मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "येताना काय, घरीच तर यायचं." पुढे बोलले नाही.

आईंनी लेकासाठी दिलेल्या पिशवीतून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बाहेर काढाव्या लागल्या. खोबऱ्यात तेल भरपूर, ते लवकर पेट घेतं, म्हणून २०२२ पासून ते विमानात बंद आहे. पर्समध्ये नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. "देवाला नेतात ते खोबरं पेटतं होय?" आई. लसणाची चटणी मात्र ठेवली, डब्याला दोन रबरबँड लावून. थोरल्याच्या सॅकमधून दिवाळीतली टिकल्यांची बंदूक निघाली. ती कुणी घातली ते सगळ्यांना माहीत आहे, पण बाबा त्या वेळी पेपर वाचत होते.

नवी मुंबईच्या विमानतळावरून का नाही, हेही झालं. २५ डिसेंबर २०२५ ला तिथून विमानं सुटायला लागली, तेव्हापासून प्रत्येक प्रवासाआधी ही चर्चा होते. ऐरोलीची मैत्रीण तर आता मुंबईचं नावच काढत नाही: ठाणे-बेलापूर रोड धरायचा, पुढे उलव्याला उतरायचं. तिला ते सोयीचंच आहे. आम्ही ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, कासारवडवलीत. आधी माजिवडा, मग कळवा, मग तिचं घर, आणि तिथून पुढे तिचा प्रवास सुरू होणार. शिवाय आम्हाला हव्या त्या वेळेचं विमान तिथून नव्हतं. उन्हाळ्यात बघू.

शनिवार, बंगलोर

पोचलो. मुलं झोपली.

चेक-इनचा काउंटर विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो. त्याच्या अलीकडे दीड तास विमानतळावरचा, त्याच्या अलीकडे दोन तास रस्त्याचे, आणि त्याच्याही अलीकडे अर्धा तास थोरल्याचे बूट शोधण्याचा. मॅप सांगतो तो वेळ मोठ्या माणसांचा. मॅपला धाकटीची शी कळत नाही.

टॅक्सी आली ती सीएनजीची. डिकी उघडली तर अर्धी जागा सिलिंडरने खाल्लेली. मोठी बॅग कशीबशी आडवी बसली, प्रॅम पुढच्या सीटवर, दुसरी बॅग माझ्या पायाशी. मागच्या सीटवर झुळझुळीत कव्हर घातलेलं आणि बेल्टची बकलं त्याच्याखाली गाडलेली. ड्रायव्हरदादा म्हणाले, "पीछे कोई पूछता नहीं, मॅडम." पूछता है. २०१९ च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. पण दंडासाठी कोण करतंय? ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर करकचून ब्रेक लागला की मांडीवरचं मूल हातांनी धरून राहत नाही. कव्हरच्या फटीत हात घालून एक बकल बाहेर ओढलं, त्याच्यासोबत एक जुना कंगवा आणि शेंगदाण्याची टरफलंही आली. थोरल्याला बांधला. धाकटीला काय करणार, टॅक्सीत चाइल्ड सीट कोण देतं? तिला पुढे कॅरिअरमध्ये बांधून घेतलं आणि माझा बेल्ट आमच्या दोघींच्या मधून, माझ्याच अंगावरून घेतला. दोघींवरून एकच पट्टा घेतला तर माझं सगळं वजन तिच्यावर येणार. हाही काही धड उपाय नाही, माहीत आहे.

कापूरबावडीपर्यंत मेट्रो ४ च्या खांबांच्या बाजूने सरकत गेलो. तीन हात नाका ओलांडल्यावर गाडी पळायला लागली. मुलुंड टोलनाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना थांबावं लागत नाही, हे एक फार बरं झालं, कारण थांबलेली गाडी म्हणजे रडणारी धाकटी. आणि बरोबर तिथून पुढे थोरला म्हणाला, "आई, आली."

"किती?"

"खूप."

मोठी माणसं हा रस्ता गुगलवर लाल-पिवळा बघतात. आई म्हणून मी तो शू कुठे करता येईल या नजरेने बघते, आणि तसा बघितला तर ठाण्यापासून सहारच्या विमानतळापर्यंत तो जवळजवळ कोराच आहे. हायवेला कडेला थांबायची सोय नाही, आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला लागलं की पवईपर्यंत इंच इंच गाडी. पेट्रोल पंप दिसला तर तो समोरच्या बाजूला असतो. म्हणून पाण्याची रुंद तोंडाची रिकामी बाटली, एक टॉवेल आणि ओल्या रुमालांचं पाकीट माझ्या पायाशी असतं, डिकीत कधीही नाही. आयआयटीच्या दाराशी, सिग्नल लाल असताना, कार्यक्रम पार पडला. ड्रायव्हरदादांनी आरसा वर फिरवला. त्यांना तीन मुलं आहेत म्हणाले. मग आमचं चांगलं जमलं.

मरोळच्या गल्ल्यांत न शिरता त्यांनी सरळ वेस्टर्न एक्सप्रेस हायवे गाठून सहार उन्नत मार्ग घेतला. अंतर वाढलं, पण हा २०१४ चा पूल थेट टी-टूच्या, म्हणजे टर्मिनल २ च्या, प्रस्थानाच्या मजल्याशी नेऊन सोडतो. बसण्याआधी ड्रायव्हरला टी-वन की टी-टू ते तिकिटावर बघून सांगावं. आतून एकच विमानतळ, पण रस्त्याने एक सांताक्रूझच्या अंगाला आणि एक सहारला.

मेट्रोचा विचार केला नव्हता असं नाही. ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे भुयारी मेट्रो ३ पकडायची, पुढचंच स्टेशन टी-टू. २०२४ मध्ये हा टप्पा सुरू झाल्यावर नवरा एकटा असला की असाच जातो आणि वेळेवर पोचल्याचं वर सुनावतो. एक मूल आणि एक सॅक असेल तर मीही जाईन, थोरल्याला तर तीच सहल होईल. पण प्रॅम, दोन बॅगा आणि दोन मुलं घेऊन ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवरून लोकलमध्ये चढणं आणि घाटकोपरच्या पुलावरून ती वरात नेणं माझ्याच्याने होणार नाही.

सुरक्षा तपासणीत प्रॅम घडी घालून यंत्रातून द्यावी लागते. म्हणजे एका हाताने प्रॅम मिटवायची, दुसऱ्या हाताला मूल. ही कला घरी हॉलमध्ये घोटून घ्यावी. धाकटीचं दूध बघितलं, राहू दिलं. बाळाच्या प्रवासापुरत्या दुधाला शंभर मिलीची अट लावत नाहीत. पडद्यामागे सीआयएसएफच्या ताईंनी यंत्र माझ्याभोवती फिरवलं तर धाकटीने ते घट्ट पकडलं आणि सोडेना. ताई हसल्या. त्यांनी हळूच तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिच्या मुठीत खिशातला रुमाल दिला, मग यंत्र नेलं, मग रुमाल परत घेतला. हे त्या रोज करत असणार, इतकं सफाईदार.

विमानाचं काय लिहायचं, ते उडालं आणि उतरलं. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर चालतं, वयाचा दाखला मागतात, तो होता.

बंगलोरला नवरा बाहेर उभा होता. त्याने बॅगांकडे बघितलंही नाही, आधी धाकटीला घेतलं. माझे दोन्ही खांदे एकदम वर आले.

गुरुवार, दुपार

काल रात्री परतलो. आता लिहितेय कारण काल लिहिण्यासारखी अवस्था नव्हती.

विमान उशिरा सुटलं. जाताना आपण वेळ राखून ठेवू शकतो, येताना तो दुसऱ्याच्या हातात असतो. दूध संपलेलं, फोन शेवटच्या रेषेवर. धाकटी खांद्यावर गाढ, आणि झोपलेलं मूल जागं असताना असतं त्याच्या दुप्पट जड होतं. थोरला झोपेतून उठवलेला, त्यामुळे सगळ्या जगावर रागावलेला. प्रॅम विमानाच्या दारात मिळेल असं निघताना सांगितलं होतं; दारात नव्हती. पट्ट्यावर येईल म्हणाले.

पट्ट्यापाशी माझ्याकडे हातच नव्हता. आमची लाल रिबीनवाली बॅग समोरून गेली, मी बघत राहिले. पुन्हा फिरून आली तेव्हा थोरला पट्ट्यावर चढायच्या बेतात, त्याची कॉलर धरली, बॅग पुन्हा गेली. शेवटी एका काकांनी, बोलण्यावरून कोल्हापूरकडचे, "कुठली तुमची? ती का?" म्हणत उचलून ट्रॉलीवर ठेवली. प्रॅमही त्यांनीच ओळखली.

मग ॲपवरच्या टॅक्सीसाठी ट्रॉली ढकलत बहुमजली पार्किंगमध्ये. फोन आला, "मॅडम, ड्रॉप किधर है?" घोडबंदर म्हटल्यावर पलीकडे शांतता, मग रद्द. दुसऱ्याने कारण तरी सांगितलं: "उधर अभी ट्रक का लाइन होगा." त्यात खोटं काही नाही. अवजड गाड्यांवरची दिवसाची बंदी उठली की उरणच्या जेएनपीटी बंदराकडून गुजरातला जाणारे कंटेनर रात्री घोडबंदरला लागतात. मुंबईकरांना वाटतं रात्री रस्ता मोकळा. आमच्याकडे रात्री कंटेनरांचा दिवस उगवतो. त्या वेळी मेट्रोही नाही. शेवटी मागे जाऊन प्रीपेडच्या रांगेत उभी राहिले. 

घरी पोचलो तेव्हा बाबा गॅलरीत जागे होते. काही बोलले नाहीत, खाली येऊन दोन्ही बॅगा घेतल्या.

शुक्रवार

आज चहाच्या वेळी बाबांनीच विषय काढला. मेमध्ये नणंद येतेय इंदूरहून जुळ्यांना घेऊन, रात्रीचं विमान. सोडायला तिच्या सासरचं कुणी येवो न येवो, आणायला आपण जायचं, हे एकमताने ठरलं. गाडी भाऊजींची, पेट्रोलची, डिकी पूर्ण रिकामी. बकलं आधीच वर काढून ठेवायची. माझी चाइल्ड सीट एक, दुसरी वरच्या मजल्यावरच्यांकडून मागायची. भरलेली दुधाची बाटली, बिस्किटं, चार्जर. उतरल्यावर फोन आला की मग गाडी पार्किंगमधून हलवायची, आधी नाही. टर्मिनलच्या दारात उभं राहू देत नाहीत, शिट्ट्या मारतात.

नणंद, जुळी, बॅगा आणि दोन सीट म्हटल्यावर गाडीत भाऊजींखेरीज एकाच मोठ्या माणसाला जागा आहे. मी म्हणतेय मी जाते, कारण मला प्रॅम मिटवता येते. बाबा कालपासून हॉलमध्ये ती उघड-बंद करून बघतायत.