दांडी कुणासाठी?

बाजारात विकायला ठेवलेली पक्ष्यांची घरटी बघितली की मला हटकून वाटतं, ही पक्ष्यांसाठी नाहीतच. लाल उतरतं छप्पर, रंगवलेली खोटी खिडकी, साखळीवर झुलणारी पेटी आणि भोकाखाली एक दांडी. ती दांडी तर असतेच असते! पाहुण्याने आधी ओट्यावर टेकावं, ही आपली रीत. चिमणी सरळ भोकाची कड धरून आत शिरते. दांडी कामाला येते ती अंडी-पिल्लांवर टपलेल्यांच्या.

चिमणीच्या मागण्या अगदी नीरस आहेत. भोक 32 मिलिमीटरचं हवं, म्हणजे ती आत जाते आणि साळुंकी बाहेर राहते. आतल्या फळीला रंधा मारू नये, कारण गुळगुळीत लाकडावरून पिल्लांना भोकापर्यंत चढता येत नाही. तळाला पाणी निचरायला छिद्रं हवीत. पत्र्याची पेटी तर नकोच, उन्हात आत भट्टी होते.

पाकोळीचं आणखी वेगळं. युरोपातली पाकोळी विणीचा काळ सोडला तर वर्षाचे जवळपास दहा महिने हवेतच काढते. पाय इतके आखूड की जमिनीवरून उडणं तिला जड जातं. घरट्यातून ती स्वतःला खाली झोकून देते आणि मग पंख पसरते. म्हणून तिचं भोक निदान पाच मीटर उंचीवर हवं आणि खाली मोकळी हवा. एसीचा डबा किंवा झाडाची फांदी आड आली की संपलं. जुन्या भिंतींच्या फटींत, कौलांखाली तिची सोय आपसूक व्हायची. घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून आपण त्या फटी बुजवल्या. बरोबरच केलं म्हणा, पण भाडेकरूंना विचारलं कुणी?

त्यावर तोडगा म्हणजे पोकळ वीट. इतर विटांसारखीच भिंतीत बसते, मागून बंद असते, त्यामुळे पक्षी घरात शिरत नाही. इंग्लंडमधल्या ब्रायटन अँड होव्ह शहरात पाच मीटरहून उंच नव्या इमारतींना 2020पासून तिची अट आहे.

बहिरी ससाणा तर घरटं बांधतच नाही. उंच इमारतीच्या कठड्यावर तो खडीत उथळ खळगा करतो. नुसत्या काँक्रीटवर अंडी घरंगळतात. त्याला बारीक खडी भरलेला ट्रे पुरतो. एवढा रुबाबदार पक्षी आणि मागणी काय, तर मूठभर खडे!

सजावटीशी माझं भांडण नाही. इस्तंबूलमध्ये ऑटोमन काळातल्या मशिदींच्या भिंतींवर पक्ष्यांसाठी दगडी महाल कोरलेले आहेत, चक्क मिनारांसकट. पण ते बसवलेत उंचावर, वाऱ्याच्या आडोशाला. नक्षी माणसांसाठी, जागा मात्र पक्ष्यांच्या सोयीची.

नकाशा कागदावर असतानाच पोकळ वीट दाखवली, तर गवंडी ती जाता जाता बसवतो. इमारत उभी राहिल्यावर सुचलं, तर परांची बांधायला लागते. आणि तीही विणीचा हंगाम टाळून.