भिंतीवर हातमाग काढला त्याची गोष्ट

आमची शाळा बेळगावात वडगाव भागात, मराठी मीडियम. रस्त्याकडच्या कंपाउंडवर मुलांनी आपल्या भागाचा इतिहास रंगवायचा असं ठरलं आणि नववीच्या वर्गाची जबाबदारी माझ्याकडे आली. पहिली स्केचेस आली ती सगळी राजहंसगड, शिवाजी महाराज आणि १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनातले गांधीजी. चांगलीच होती, पण मला राहून राहून वाटत होतं की अर्ध्या वर्गाच्या घरात मागाचा आवाज ऐकत माणसं म्हातारी झालीत, मग ते कुठंच कसं नाही? म्हणून म्हटलं, आठ दिवस पेन्सिल बंद, घरी जाऊन फक्त विचारा.

मग जे आलं ते काय सांगू! हातमाग, शहापुरी लुगडी, शाळेतून आल्यावर सुताच्या कांड्या भरत बसायचं, नंतर पॉवरलूम आले ते. एका मुलीची शेजारची आजी कन्नड बोलणारी, ती मागाला मग्ग म्हणाली आणि धोट्याला, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेतो त्याला, लाळी, पोरांनी दोन्ही शब्द वहीत लिहून आणले. भिंतीवर नावं कुठल्या भाषेत लिहायची यावर वर्गात बराच वाद झाला, शेवटी मुलांनीच ठरवलं की अक्षर एकही नको, चित्र बघून दोघांनाही कळलं पाहिजे. मला हे फार आवडलं.

पावसाळ्यात भिंत ओली, त्यामुळे दिवाळीनंतर खरवडून प्रायमर मारला, खडूनं एक-एक फुटाचे चौकोन पाडले आणि कागदावरचं चित्र चौकोनाला चौकोन लावून मोठं केलं. गांधीजींच्या जागी टिळकवाडीतली काँग्रेस विहीर कोपऱ्यात घेतली, अधिवेशनाला पाणी पुरावं म्हणून खणलेली.

आउटलाइन झाली तेव्हा एका मुलाचे आजोबा बघायला आले, जन्मभर विणकाम केलेले. म्हणाले, "बाई, खड्डा कुठं हाय? पाय कुठं सोडणार त्यो?" आमचा विणकर स्टुलावर बसला होता! खड्डा-मागात माणूस जमिनीच्या बरोबरीनं बसतो आणि पाय खाली पावड्यांवर, म्हणजे पायानं दाबायच्या पट्ट्यांवर, हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दोन दिवसांचं काम पुसलं, अख्खं चित्र खाली सरकवलं आणि पाय भिंतीच्या जोत्यावर आणले, आता जोतं म्हणजेच खड्डा.

लुगड्याच्या काठाचा रंग काही जमेना. शेवटी त्या कन्नड आजी स्वतःचं जुनं लुगडं घेऊन आल्या, पदर भिंतीला लावून धरला आणि पोरं शेजारी ताटलीत रंग कालवत बसली, त्या मान हलवेपर्यंत.