वेचणीपासून प्रतवारीपर्यंत : माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात, काळ्या जमिनीच्या एका लहान गावात माझा जन्म झाला आणि नोकरीची सारी वर्षे कापसाची प्रतवारी करण्यात गेली. आमच्याकडे या कामाला सरळ ग्रेडरचे काम म्हणतात. शेतकऱ्याने आणलेला कापूस पाहून त्याचा दर्जा ठरवायचा आणि त्या दर्जावरून त्याचा भाव ठरायचा, असे हे काम आहे. कापूस पिकवणाऱ्या घरांतही प्रतवारी कशी चालते याची माहिती फारशी नसते, म्हणून मी हे काम कसे शिकलो आणि पन्नाशीत ते पुन्हा नव्याने कसे शिकावे लागले, ते लिहून ठेवतो आहे.

आमचे वावर कोरडवाहू होते. कापूस, तूर आणि ज्वारी ही पिके आणि त्यांच्या भोवती फिरणारे घर. मृगाचा पाऊस झाला की बाबा पेरणीला लागत, पुढे डवरणी आणि निंदण चाले आणि दिवाळीच्या सुमारास पहिली बोंडे फुटली की सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून वेचणीला सुरुवात होत असे. वेचणी हे मायचे आणि आम्हा मुलांचे काम होते. कमरेला बांधलेल्या झोळीत कापूस टाकत ओळीने पुढे जायचे. वाळलेल्या बोंडाची टोके नखांच्या मुळाशी टोचत आणि संध्याकाळी हात धुताना बोटे चुरचुरत. माय सकाळच्या गारव्यातच वेचणी उरकण्याचा आग्रह धरी, कारण दुपारच्या उन्हात बोंडाखालची वाळकी पाने हात लागताच चुरतात आणि तो चुरा कापसाला चिकटून बसतो. "पोरा, पाला येऊ देऊ नोको, अन् कवडी येगळी ठेवजो," हे तिचे दोन नियम होते. किडीने डागाळलेला, नीट न उमललेला घट्ट कापूस म्हणजे कवडी. ती चांगल्या कापसात मिसळली की सगळ्या ढिगाचा भाव उतरतो, हे ती कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय जाणत होती. पुढे माझ्या शिक्षकांनी मला जे शिकवले, त्याचा पहिला धडा मी तिच्याकडून गिरवलेला होता, असे मी आजही मानतो.

गावातली शाळा संपल्यावर दारव्ह्याच्या हायस्कुलात गेलो. मूर्तिजापूरहून कारंजा-दारव्हा मार्गे यवतमाळला जाणारी अरुंद मापाची रेल्वे, जिला सगळे शकुंतला म्हणतात, तेव्हा वाफेच्या इंजिनावर धावत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा मार्ग टाकला गेला तोच मुळी वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी. कापसाच्या बाजाराचे नियमन करणारा कायदाही वऱ्हाडात १८९७ सालीच आला होता. इतका जुना बाजार असलेल्या मुलखात आमच्या घरी मात्र कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, भरून नेताना भाव काय मिळेल हे कोणालाही सांगता येत नसे. व्यापारी मूठभर कापूस उचलून पाहत आणि एक आकडा बोलत. तो आकडा कशावरून आला, हा प्रश्न माझ्या मनात त्या वयातच बसला होता.

अकोल्याला १९६९ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यानंतर लवकरच मी तिथे बी.एस्सी. कृषीला प्रवेश घेतला. शिक्षणाच्या मध्यावर १९७२ चा दुष्काळ आला आणि घरून पैसे येणे जवळजवळ थांबले. शिष्यवृत्तीवर आणि एका दूरच्या काकांच्या आधारावर मी पदवी पूर्ण केली. याच सुमारास राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली होती. कायदा १९७१ चा आणि प्रत्यक्ष खरेदी १९७२-७३ च्या हंगामापासून. राज्यात पिकणारा सगळा कापूस शासनाच्या यंत्रणेमार्फतच विकला जाणार होता, त्यामुळे खरेदी केंद्रांवर प्रतवारी करणाऱ्या माणसांची मोठी गरज निर्माण झाली आणि कृषी पदवीधरांना हंगामी नेमणुका मिळू लागल्या. मी अर्ज केला आणि मला बोलावणे आले.

प्रशिक्षणात पहिले शिकवले गेले ते उजेडाबद्दल. कापसाचा रंग उत्तरेकडून येणाऱ्या उजेडात पाहावा, कारण तो दिवसभर फारसा बदलत नाही. थेट उन्हात पिवळसर कापूसही पांढरा भासतो. दुसरे शिक्षण ओलाव्याचे. मुठीत दाबलेला कापूस सोडल्यावर किती लवकर फुलतो ते पाहायचे आणि सरकी, म्हणजे कापसातले बी, दाताखाली धरायची; कोरडी सरकी कट्कन फुटते, ओली दबते. तिसरे उताऱ्याचे. एक क्विंटल कापसातून साधारण तेहेतीस-चौतीस किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते आणि बाकी मुख्यतः सरकीच असते, त्यामुळे टपोऱ्या, जड सरकीचा कापूस वजनाला भरला तरी रुईला कमी पडू शकतो.

मात्र खरी मेहनत धाग्याची लांबी ओळखण्यात होती. सरकीवरून काढलेला रुईचा लहानसा पुंजका दोन्ही हातांच्या अंगठ्यांत आणि तर्जनीत धरून हळूच ओढून दुभंगायचा, एक भाग टाकून द्यायचा आणि उरलेल्या भागातून थोडे थोडे तंतू ओढून एकमेकांवर ठेवत जायचे. असे पुन्हापुन्हा केल्यावर आखूड आणि गुंतलेले तंतू गळून पडतात आणि बोटांत एक चपटी, दोन्ही कडा सरळ असलेली पट्टी उरते. ती काळ्या कापडावर ठेवून तिची लांबी सांगायची, मग मोजपट्टी लावायची. सुरुवातीला माझ्या पट्टीच्या कडा विस्कटलेल्या येत आणि शिक्षक काही न बोलता नवा पुंजका पुढे करीत. रात्री खोलीवर दिव्याच्या उजेडात मी तेच करीत बसे. कित्येक आठवड्यांनी मोजपट्टी न लावता लांबी एका मिलिमीटरच्या आत सांगता येऊ लागली, आणि त्या दिवशी माझ्या बालपणीच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. व्यापाऱ्याच्या तोंडचा आकडा हवेतून येत नव्हता; तो शिकता येण्यासारखा होता, आणि शेतकऱ्यालाही तो शिकवता येण्यासारखा होता.

केंद्रावरचे काम निराळेच होते. भर हंगामात बंड्यांची रांग जिनिंगच्या, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकातून निघून पार रस्त्यापर्यंत जाई. बैल सोडून, बंडीखाली घोंगडे पांघरून लोक थंडीत नंबराची वाट पाहत. एकदा एका वयस्कर शेतकऱ्याची बंडी पुढे आली. वरचा कापूस हाताला गार आणि ओलसर लागत होता आणि ओल्या कापसाचा दर्जा खाली जाणार हे उघड होते. ते म्हणाले, "साहेब, हा वरचा दवानं ओला झाला. रातभर उघड्यावर हाय बंडी. खालचा पाहा, मंग बोला." मी म्हणालो, "काका, तुम्ही थांबा, मी पाहतो," आणि कोपरापर्यंत हात खुपसून तळाचा कापूस काढला. सरकी कट्कन फुटली, धागा लांब होता, पाल्याचा कण नव्हता. वरचा थर बाजूला पसरायला लावून मी त्यांना वरचा दर्जा दिला. त्यानंतर चारही कोपऱ्यांतला, मधला आणि तळाचा कापूस काढल्याशिवाय दर्जा सांगायचा नाही हा नियम मी निवृत्तीपर्यंत पाळला, मग मागे कितीही रांग असो. नात्यातल्या कोणाची बंडी आली तर ती दुसऱ्या ग्रेडरकडे पाठवायची, हाही एक नियम होता. त्यामुळे घरात नाराजी झाली, पण केंद्रावर माझ्या शब्दाला वजन राहिले.

केंद्रावरची गर्दीही दरवर्षी सारखी नसे. बाहेर भाव चढा असला की पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजूला कापूस जाई आणि आमची केंद्रे ओस पडत. हमीभाव जास्त असला की उलट प्रवाह सुरू होई. प्रतवारी करताना हे सगळे ठाऊक असावे लागे, कारण परक्या वाणाचा कापूस हाताला लगेच वेगळा लागतो.

२००२ साली जनुकबदल केलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि त्याच सुमारास एकाधिकारही सैल झाला. केंद्रे कमी होत गेली आणि मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. केंद्र शासनाच्या कापूस तंत्रज्ञान अभियानाखाली, जे २००० साली सुरू झाले होते, जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांचे आधुनिकीकरण चालू होते. अशाच एका कारखान्यात मला गुणवत्तेचे काम मिळाले. तिथे तंतूची तपासणी यंत्रावर होत असे. २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता राखलेल्या खोलीत नमुना ठेवून, मग यंत्र लांबी, मजबुती आणि मायक्रोनेअर असे आकडे देई. वयाने माझ्या मुलासारखा असलेला तंत्रज्ञ मला हे शिकवत होता आणि मी त्याला 'सर' म्हणत असे. अहवाल यायच्या आधी माझा अंदाज वहीत लिहायचा आणि मग ताडून पाहायचे, अशी सवय मी लावून घेतली. लांबी बहुतेक वेळा जुळे. मायक्रोनेअर, म्हणजे हवेच्या झोतावरून मोजलेली तंतूची जाडी आणि पक्वता, हाताला नीट कळत नाही. तिथे मी यंत्राचे ऐकायला शिकलो. लांब धाग्याच्या कापसाच्या हमीभावासाठी २९.५ ते ३०.५ मिलिमीटर लांबी आणि ३.५ ते ४.३ मायक्रोनेअर हे निकष लागतात, हे पुढे मी गावोगावच्या बैठकांत सांगू लागलो.

या बैठकांचे मुख्य कारण कापसात येणारा प्लास्टिकचा धागा हे होते. खताच्या रिकाम्या पोत्यात कापूस भरला की पोत्याचे तंतू त्यात मिसळतात, सुतात जातात आणि कापड रंगवताना त्या जागी रंग चढत नाही. केसांमुळेही कापडात दोष येतो, म्हणून वेचताना डोक्याला रुमाल बांधा, सुती झोळी वापरा, असे मी सांगत असे. एका गावात एक बाई उभी राहून म्हणाली, "भाऊ, खताची पोती घरात हायेत. सुती कापड आनाव कोठून?" प्रश्न अगदी रास्त होता. मी तो कारखान्याच्या मालकांपुढे मांडला आणि पुढच्या हंगामात वेचणाऱ्या बायांना मांजरपाटाच्या झोळ्या आणि चादरी वाटल्या गेल्या. माझ्या साऱ्या नोकरीत मला सर्वाधिक समाधान देणारे काम तेच.

आता आमचे वावर पुतण्या पाहतो. केंद्रावर हल्ली यंत्राने ओलावा मोजतात; ८ टक्क्यांच्या वर गेला की दर कमी होतो आणि १२ टक्क्यांच्या वर खरेदी होत नाही. त्यामुळे पुतण्या पहिल्या वेचणीचा कापूस अंगणात चादरीवर वाळवतो, शेवटच्या वेचणीचा वेगळा भरतो आणि गाडी भरण्याआधी मला हाक मारतो. मी सरकी दाताखाली धरून सांगतो, मग तो गाडी काढतो.