आमची वाटचाल : बॉयलरची तपासणी, सरकारी फी आणि मुदतीची तारीख

इचलकरंजीत सायझिंग (सुताला खळ लावणारे कारखाने) आणि प्रोसेस हाउस (कापड धुणारे-रंगवणारे) आहेत म्हणून बॉयलर आहेत, आणि बॉयलर आहेत म्हणून आमची फर्म. सुरुवातीचं काम निव्वळ दुरुस्तीचं. नळ्या बदलणं, व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्हची बैठक घासून नीट करणं), वर्षातून एकदा ओव्हरहॉलिंग. लोखंड आमच्याकडे आणि कागद मालकाच्या ऑफिसात, अशी वाटणी होती. पण ती फार काळ चालण्यासारखी नव्हती. बॉयलर उघडून, घासूनपुसून तयार असायचा आणि सरकारी निरीक्षकाची तपासणी मात्र अडायची. कुठे फी भलत्याच कार्यालयाच्या नावावर भरलेली, कुठे अर्जातला नंबर नोंदणी वहीतल्या नंबराशी न जुळणारा, तर कुठे मुदतच उलटलेली. त्यामुळे अर्ज, फी आणि प्रत्यक्ष तयारी ही तिन्ही कामं आम्ही एकत्र घ्यायला लागलो. आज नवीन ग्राहक आला की आम्ही आधी बॉयलर बघत नाही, आधी चालू प्रमाणपत्र बघतो.

प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म ६. त्यावर कमाल दाब आणि शेवटची तारीख असते. बॉयलरला ते जास्तीत जास्त बारा महिन्यांचं मिळतं, इकॉनॉमायझरला (धुराच्या उष्णतेवर पाणी आधीच तापवणारा भाग) चोवीस महिन्यांपर्यंत. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी दाखल झालेला असेल, तर त्यावर निर्णय होईपर्यंत जुन्या प्रमाणपत्रातल्या दाबावर बॉयलर चालवता येतो. ही सवलत फार मोलाची आहे, आणि तिच्यासाठी अर्जाची पोच हाच पुरावा. एक दिवस उशीर झाला तर सवलत गेली, मग बॉयलर कितीही ठणठणीत असो. मात्र बॉयलरला अपघात झाला असेल, तो जागेवरून हलवला असेल किंवा त्याच्या बांधणीत बदल केला असेल, तर प्रमाणपत्र तिथेच संपतं. तेव्हा ही सवलत लागू होत नाही. २०२५च्या नव्या बॉयलर कायद्यात सातपैकी चार गुन्ह्यांची शिक्षा फौजदारी ठेवली आहे आणि बाकीच्यांसाठी दंड आहे. ‘कायदा सैल झाला’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘आमचा नॉन-आयबीआर आहे, आम्हाला काही लागत नाही,’ हे वाक्य छोट्या युनिटमध्ये नेहमी ऐकू येतं. आयबीआर म्हणजे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, आणि नॉन-आयबीआर म्हणजे त्यांच्या कक्षेबाहेरचा. सूट मिळते ती २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेला, आणि ही क्षमता फीड चेक व्हॉल्व्हपासून (पाणी आत येतं तिथून) मेन स्टीम स्टॉप व्हॉल्व्हपर्यंत (वाफ बाहेर जाते तिथपर्यंत) मोजायची असते. त्याशिवाय दाब चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा कमी असेल किंवा पाणी १०० अंशांच्या खालीच तापत असेल, तरीही सूट आहे. विकणाऱ्याच्या पत्रकावर विसंबू नका, ड्रॉइंग मागवून मोजणी करून घ्या.

आता फी. ती बॉयलरच्या ताप पृष्ठभागावर, म्हणजे हीटिंग सरफेसच्या चौरस मीटरवर ठरते आणि टप्प्याटप्प्याने वाढत जाते. दाब किंवा ताशी टनेज यांच्याशी तिचा संबंध नाही. ताप पृष्ठभाग नेमप्लेटवरून उतरवून घेऊ नये, नोंदणी वहीतून घ्यावा. या वहीला सगळे ‘मेमोरँडम बुक’ म्हणतात. काही जुन्या बॉयलरना नंतर वेगळी ट्यूब बँक (नळ्यांचा जुडगा) बसवलेली असते, तिथे प्लेट आणि वही जुळत नाहीत. गेल्या वर्षीचं चलन बघून तीच रक्कम भरणं हीसुद्धा घातक सवय. दर सुधारले गेले की रक्कम कमी पडते आणि फरकाचं चलन वेगळं काढावं लागतं.

भरणा ‘ग्रास’ या शासनाच्या प्रणालीवर होतो. आधी विभाग निवडायचा, मग भरण्याचा प्रकार, मग कार्यालय. खरी गफलत कार्यालयापाशी होते. ज्या कार्यालयाच्या हद्दीत बॉयलर बसवलेला आहे ते निवडायचं. कंपनीचं नोंदणीकृत ऑफिस मुंबईत आहे म्हणून मुंबई निवडून चालत नाही. बॉयलर तपासणीच्या फीचं लेखाशीर्ष ०२३० खाली, गौणशीर्ष १०३. कारखाने कायद्याची फी त्याच ०२३० खाली पण १०४ मध्ये जाते, आणि घाईत हीच अदलाबदल होते. शेऱ्याच्या रकान्यात बॉयलरचा नोंदणी क्रमांक, महाराष्ट्राचा असेल तर एमआर अक्षरांसह, न चुकता लिहावा. नेट बँकिंग झालं की जीआरएन (शासनाचा भरणा क्रमांक) आणि बँकेचा सीआयएन (चलन ओळख क्रमांक) असलेलं एमटीआर नमुना ६चं चलन निघतं. सीआयएन आलेला नसेल तर पैसे पोचले असं धरू नका, आणि लगेच दुसऱ्यांदाही भरू नका. आधी ग्रासवर जीआरएन टाकून स्थिती बघा. कार्यालय चलन वापरलं की ते ‘डिफेस’ करतं, म्हणजे वापरलेलं म्हणून बाद करतं; एक चलन एकाच कामाला. चुकीच्या शीर्षात गेलेली रक्कम आपल्याला वळवता येत नाही. परताव्याचा अर्ज त्या कार्यालयाकडूनच जावा लागतो, आणि त्यात बराच वेळ जातो. म्हणून पैसे भरण्याआधी चलनाचा मसुदा दुसऱ्या माणसाने वहीशी ताडून बघायचा, हा आमच्याकडचा नियम आहे.

तयारीत सगळ्यात मोठं नुकसान घाईने होतं. गरम बॉयलर दाबासकट रिकामा केला की आतला गाळ नळ्यांवर भाजून चिकटतो, मग साध्या पाण्याच्या फवाऱ्याने तो निघत नाही. बॉयलर सावकाश थंड होऊ द्यावा, विटांचं भट्टीकाम असेल तर जास्तच वेळ द्यावा, आणि मग ड्रेन करावं. मॅनहोल, मडहोल, हँडहोल उघडे हवेत. आगीची आणि पाण्याची अशा दोन्ही बाजू स्वच्छ हव्यात. माउंटिंग्ज (व्हॉल्व्ह, गेज वगैरे) खोलून ठेवलेल्या हव्यात. शेजारचा बॉयलर चालू असेल, तर स्टीम, फीड (पाण्याची) आणि ब्लो-डाउन (गाळ सोडण्याची) या तिन्ही लाइन ब्लँक केल्याशिवाय, म्हणजे चकती टाकून बंद केल्याशिवाय, माणूस आत उतरवायचा नाही. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. इथे आम्ही कुणाचीही घाई ऐकत नाही.

हायड्रॉलिक टेस्ट, म्हणजे पाणी भरून दाब देण्याची चाचणी, नोंदणीनंतरच्या वर्षांत चालू दाबाच्या सव्वा ते दीडपट घेतली जाते. पाणी भरताना वरचा एअर व्हेंट उघडा ठेवायचा. हवा अडकली की गेज अडखळत चढतो, आणि काही फुटलं तर ती कोंडलेली हवा धोकादायक ठरते. दाब टिकला नाही की लगेच नळ्यांवर संशय घेतला जातो. पण बऱ्याचदा दोष ब्लो-डाउन किंवा फीड चेक व्हॉल्व्हच्या सीटचा असतो. त्यामुळे आम्ही व्हॉल्व्हच्या भरवशावर टेस्ट घेत नाही, ब्लँक फ्लँज टाकतो, आणि निरीक्षक येण्याआधी स्वतः एकदा दाब चढवून बघतो. निरीक्षकाच्या गेजचा कॉक गंजून घट्ट बसलेला असतो, तोही आधीच मोकळा करून ठेवावा. स्टीम टेस्टला सेफ्टी व्हॉल्व्ह बघितले जातात. स्टीम स्टॉप बंद आणि आग पूर्ण असताना दाब कमाल मर्यादेच्या वर दहा टक्क्यांहून जास्त चढता कामा नये.

तपासणीत नळी बदलायची निघाली तर ‘आमच्या वेल्डरकडून करून घेतो’ चालत नाही. दुरुस्ती मान्यताप्राप्त दुरुस्तीकारानेच करायची. त्यांचे वर्ग दाबावर ठरलेले आहेत : तिसरा वर्ग चौरस सेंटिमीटरला १७.५ किलोपर्यंत, दुसरा ४०, पहिला १२५ आणि त्यापुढे विशेष वर्ग. वेल्डरचं आयबीआर प्रमाणपत्र चालू हवं, नळीचं टेस्ट सर्टिफिकेट हवं, नवीन व्हॉल्व्ह असेल तर फॉर्म ३-सी (उत्पादकाचं चाचणी प्रमाणपत्र) हवा. बाजारात बिलाबरोबर ३-सीची झेरॉक्स मिळते, पण तिच्यावरचा नंबर व्हॉल्व्हवर पंच केलेल्या नंबराशी जुळतोय का हे दुकानातच बघावं.

निपाणी-बेळगाव भागातून जुना बॉयलर स्वस्तात आणणारे आमच्याकडे बरेच येतात. तो हलवल्याबरोबर त्याचं कर्नाटकातलं प्रमाणपत्र संपतं आणि राज्य बदलल्याची रीतसर सूचना इथल्या कार्यालयाला द्यावी लागते. सौदा करताना मूळ वही हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. वही नसलेला बॉयलर भंगाराच्या भावातही महाग पडतो.

कोल्हापूर भागात गळीत हंगामाआधीचे महिने साखर कारखान्यांचे असतात. सगळ्यांचे अर्ज एकदमच पडतात आणि निरीक्षकांच्या तारखा मिळेनाशा होतात. ज्यांची मुदत त्या सुमाराला संपते त्या सायझिंगवाल्यांना आम्ही पावसाळ्याच्या सुरुवातीलाच अर्ज टाकायला लावतो. काही महिन्यांची मुदत वाया जाते हे खरं, पण धागा बीमवर चढलेला असताना वाफ थांबत नाही.

आणखी एक. सायझिंग मशीनचे वाळवणीचे सिलिंडर या अर्जात येत नाहीत. ते प्रेशर वेसल म्हणून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कक्षेत जातात, त्यांचा अहवाल सक्षम व्यक्तीकडून वेगळा घ्यायचा असतो. बॉयलरपासून सिलिंडरपर्यंतची लाइन मात्र चौरस सेंटिमीटरला ३.५ किलोच्या वर वाफ नेत असेल, तर ती स्टीम पाइप म्हणून बॉयलर कायद्यातच मोडते. ती वाढवायची किंवा वळवायची असेल, तर पाइप विकत घेण्याआधी ड्रॉइंग मंजूर करून घ्यावं.