राइनकाठची तीन कॅथेड्रल: सुरुवात श्पायरच्या तळघरापासून

मुंबईकराच्या डोळ्याला टोकदार कमानींची सवय असते. व्हीटी, हायकोर्ट, राजाबाई टॉवर, सगळं गॉथिक वळणाचं. त्यामुळे जर्मनीत गेलं की कोलोनचं कॅथेड्रल बघायचं आणि पुढची गाडी पकडायची, असंच बहुतेकांचं होतं. पण त्याच राइन नदीवर, आणखी दक्षिणेला, माइन्त्स, वोर्म्स आणि श्पायर ही गॉथिकच्याही आधीची, रोमनेस्क धाटणीची कॅथेड्रल आहेत. गोल कमानी, जाडजूड भिंती, लहान खिडक्या. तिन्हींना वेळ नसेल तर श्पायर अजिबात सोडू नका.

श्पायरचं बांधकाम सम्राट कॉनराड दुसरा याने १०३० च्या सुमारास सुरू केलं. लांबी १३४ मीटर, म्हणजे बारा डब्यांच्या लोकलच्या जवळपास निम्मी. आत शिरल्यावर आधी तळघरात उतरा. त्याचं तिकीट वेगळं असतं. बुटके खांब आणि वर लाल-पिवळ्या दगडांच्या आलटून पालटून बसवलेल्या कमानी. उन्हाळ्यातही गारवा असतो, अंगावर काहीतरी असू द्या. शेजारीच सम्राटांच्या आणि राजांच्या कबरी आहेत.

मग वर येऊन मधल्या दालनाचे खांब नीट बघा. एक साधा, एक जाड, एक साधा, एक जाड. मुळात इथे लाकडी सपाट छत होतं. पुढे सम्राट हेन्री चौथा याने त्या जागी दगडी कमानींचं छत चढवलं, तेव्हा ते वजन पेलायला एकाआड एक खांबाला पुढून जादा अर्धखांब जोडले. ही गोष्ट कळली की अख्खी इमारत उलगडते. १६८९ च्या आगीत पश्चिमेकडचा भाग पडला. आज दारात दिसते ती दर्शनी बाजू एकोणिसाव्या शतकातली आहे. मनोऱ्याला ३०४ पायऱ्या आहेत आणि हिवाळ्यात तो बंद असतो.

वोर्म्सला तास-दीड तास पुरतो. माइन्त्सला मात्र लोक दार शोधत फिरतात, कारण पूर्व आणि पश्चिम दोन्ही टोकांना वेदीचं दालन आहे, त्यामुळे समोरून प्रवेशच नाही. बाजारचौकाच्या बाजूने या. तिथली ब्राँझची दारं सुमारे एक हजार वर्षांपूर्वीची आहेत, घाईघाईत आत घुसू नका. तिथून चढावर सेंट श्टेफान चर्च आहे. चित्रकार मार्क शागालने केलेल्या खिडक्यांच्या निळ्या काचा तिथे आहेत. त्या सकाळी, ऊन असतानाच बघा. ढगाळ दिवशी तो निळा रंग निम्मासुद्धा खुलत नाही.

मुक्काम माइन्त्सला ठेवा. ही तिन्ही गावं ज्या राज्यात आहेत, त्या राइनलंड-फाल्झचा दिवसपास पाच जणांपर्यंत चालतो, चार-पाच जण असाल तर फारच स्वस्त पडतो. सोमवार ते शुक्रवार तो सकाळी नऊनंतरच लागू होतो आणि फक्त साध्या रीजनल गाड्यांना चालतो. आयसीई या वेगवान गाडीत चढलात तर दंड. पासवर सगळ्यांची नावं लिहावी लागतात, ते राहून जातं. वोर्म्सहून श्पायरला बहुधा लुडविग्सहाफेनला गाडी बदलावी लागते. श्पायर स्टेशनपासून कॅथेड्रल चालत वीसेक मिनिटं.

रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा आत फिरता येत नाही. दुपारनंतर जा. चपला-बूट काढायचे नाहीत, पण पुरुषांनी टोपी काढायची. मेणबत्तीसाठी सुटी नाणी खिशात ठेवा.