बिल पुसट झाले, ड्राइव्ह मात्र पुसता येईना

जुलै 2024 च्या दुसऱ्या आठवड्यात, आयकर विवरणपत्रांची 31 जुलै ही अखेरची तारीख तोंडावर आलेली असताना, माझ्या संगणकातील 500 जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे फ्लॅश चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हवर, फाइल जतन होईना. जुन्या फाइली उघडत होत्या, कॉपीही होत होत्या. नवे मात्र एक अक्षर लिहिले जात नव्हते. अशिलांची सगळी कामे त्याच ड्राइव्हवर असल्यामुळे ती रातोरात दुसरीकडे उतरवून घेतली, दुसऱ्या दिवशी नवी ड्राइव्ह आणली आणि वॉरंटीचा विषय ऑगस्टवर ढकलला.

ही ड्राइव्ह मी जून 2021 मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतली होती. खोक्यावरची पाच वर्षांची वॉरंटी तेव्हा डोळ्यांत भरली होती, तिच्याखालची बारीक अट मात्र आता प्रथमच वाचली: पाच वर्षे किंवा 300 टेराबाइट लेखन, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तिथे वॉरंटी संपते. फ्लॅश चिपमधील कप्पे ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतात, म्हणून ही दुसरी मर्यादा. धास्तावून ड्राइव्हची तब्येत दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडले, तर तीन वर्षांत जेमतेम 18 टेराबाइट लिहिले गेले होते, म्हणजे दिवसाला सरासरी 16 जीबी. या गतीने 300 गाठायला पन्नास वर्षे लागली असती. झीज 6 टक्के, पण खराब कप्प्यांच्या जागी वापरायचा राखीव साठा, जो 10 टक्क्यांखाली जाऊ नये, तो 2 टक्क्यांवर आलेला. थोडक्यात, ड्राइव्ह वापराने झिजलेली नव्हती, तिच्यातच दोष होता, आणि वॉरंटी असते ती अशाच दोषासाठी. त्या पडद्याचे चित्र छापून घेतले.

सर्व्हिस सेंटरमधील मुलाने बिल दिव्याखाली धरून पाहिले. "काका, यावर तारीखच दिसत नाही. मग वॉरंटी कंपनीत बनल्याच्या तारखेपासून धरतात." थर्मल कागदावरची, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने उमटवलेली, छपाई तीन वर्षांत पार उडाली होती. दुकानदाराने माझ्या मोबाइल क्रमांकावरून जुनी नोंद शोधून अनुक्रमांकासह दुय्यम प्रत काढून दिली. त्याचे हे उपकार मोठेच, कारण नोंद ठेवण्याचे बंधन असले तरी इतक्या तत्परतेने शोधून देण्याचे नव्हते.

खरी अडचण अर्जाच्या शेवटच्या रकान्यात होती. ड्राइव्हवरील माहिती पुसून देण्याची जबाबदारी ग्राहकाची, असे त्यात लिहिले होते, आणि माझ्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नसल्यामुळे काही पुसताही येत नव्हते. दोनशेहून अधिक लोकांचे पॅन, बँकेचे तपशील, पगाराची प्रमाणपत्रे अनोळखी हातांत जाणार, या कल्पनेनेच मी ड्राइव्ह परत खिशात घालणार होतो. तेवढ्यात आठवले की ती बसवली त्याच दिवशी, एकही फाइल टाकण्याआधी, भाच्याने हट्टाने बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हवरची माहिती पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात ठेवणारी विंडोजची सोय, चालू करून दिला होता. रोज पासवर्ड टाकावा लागतो म्हणून मी त्याच्यावर तेव्हा खेकसलोही होतो. सही केली.

एकोणीस दिवसांनी बदली ड्राइव्ह मिळाली. तिच्यावर नवी पाच वर्षे मिळतील हा माझा समज चुकीचा ठरला. जुन्या वॉरंटीचे उरलेले, जून 2026 पर्यंतचेच दिवस तिच्या वाट्याला आले. घरी येऊन आधी बिटलॉकर चालू केला, मग पावतीचा फोटो काढला.