दादा कोंडके आणि आमच्या काल्यातला संकासूर

गोव्यातल्या म्हापशाचा बाजार शुक्रवारचा आणि नवा चित्रपटही शुक्रवारीच लागायचा, त्यामुळे आमच्या बार्देशातल्या गावातून सकाळी नारळ आणि सुक्या मिरच्या घेऊन गेलेली माणसे माल खपला की दुपारच्या खेळाला सिने अलंकारमध्ये जाऊन बसत. नऊ-दहा वर्षांचा असताना मीही थोरल्या काकांबरोबर असाच बाजारातून थेट थिएटरात गेलो आणि पडद्यावर दादा कोंडके पहिल्यांदा पाहिले. चित्रपट होता 'राम राम गंगाराम'. आमच्या घरात बोलणे कोकणी आणि वाचन, कीर्तन, नाटक सगळे मराठी. पण दादांची मराठी ना पाठ्यपुस्तकातली होती, ना आमच्या देवळापुढच्या ऐतिहासिक नाटकांतली. ती घाटावरची, शेताच्या बांधावरून थेट चाळीत उतरलेली बोली होती. काकांना त्यातले काही शब्द नक्कीच कळले नसतील, तरी हसण्यात ते एकदाही मागे राहिले नाहीत. मध्यंतरात चण्यांची पुडी माझ्या हातात देत ते म्हणाले, "हो आमचोच संकासूर न्ही रे!" म्हणजे, हा तर आपलाच संकासूर, नाही का रे!

काका स्वतः आमच्या गावच्या काल्यात संकासूर करीत. ज्यांनी गोव्यातला किंवा तळकोकणातला दशावतारी काला पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: वेद चोरणारा हा असुर काळ्या वेशात, उंच टोपी घालून रात्री मांडावर, म्हणजे गावच्या खेळाच्या जागेवर, येतो, आणि मारला जाण्यापूर्वी सूत्रधाराशी बराच वेळ हुज्जत घालतो. ही हुज्जत हाच त्याचा खरा खेळ असतो. सूत्रधार शहाण्यासारखे एक विचारतो, हा भलतेच ऐकतो आणि त्याचे असे उत्तर देतो की समोर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावतात. त्यात गावातली भानगड येते, सरपंचाचे नाव येते, आणि वर्षभर कोणी बोलू धजले नाही ते त्या रात्री बोलून होते. संकासूर मात्र स्वतः कधी हसत नाही. आपण काही वावगे बोललो हे त्याच्या गावीही नसते.

दादांविषयी लिहायला बसलो की मला काकांच्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण 'द्वयर्थी संवाद' एवढ्या दोन शब्दांत त्यांची सगळी कारकीर्द गुंडाळून ठेवण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे, तिच्यामुळे हा माणूस कोणत्या परंपरेतून आला आणि ती परंपरा त्याने किती कसोशीने पडद्यावर आणली, हे पाहायचेच राहून जाते.

कृष्णा कोंडके, म्हणजेच दादा, यांचा जन्म 8 ऑगस्ट 1932 रोजी मुंबईच्या नायगावात, गिरणी कामगारांच्या वस्तीत झाला. तरुणपणी ते बँडपथकात वाजवीत, सेवादलाच्या कलापथकातून कार्यक्रम करीत. पुढे वसंत सबनीसांनी लिहिलेल्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने त्यांचे नाव सर्वदूर नेले. त्याचे हजाराहून अधिक प्रयोग झाले. दादा त्यात हवालदार होते आणि संहितेत नसलेली, त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातली वाक्ये ऐन वेळी पेरण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. तमाशातली बतावणी हीच आहे. लिहिलेले असते ते फक्त ठिकाण. तिथपर्यंत कोणत्या वाटेने जायचे हे समोरच्या प्रेक्षकाकडे पाहून ठरवायचे असते.

बँडचा उल्लेख मी मुद्दाम केला. दादांच्या विनोदात शब्दांपेक्षा ठेका महत्त्वाचा आहे असे माझे ठाम मत आहे. त्यांचा एखादा संवाद नुसता कागदावर लिहून काढला तर तो बहुतेक वेळा अगदी साधा निघतो. ते वाक्याच्या शेवटाकडे येतात, अखेरच्या शब्दापूर्वी किंचित थांबतात, भुवया वर करून भाबडेपणाने समोरच्याकडे पाहतात, आणि तेवढ्या अवकाशात प्रेक्षक आपल्या मनात नको तो शब्द भरून मोकळा होतो. मग दादा भलताच, निरुपद्रवी शब्द उच्चारतात. चावटपणा असलाच तर तो प्रेक्षकाच्या पदरात पडतो, त्यांच्या पदरात नाही. सेन्सॉरशी त्यांचे वारंवार खटके उडत, आणि सरळ अर्थ हाच आपला अर्थ आहे, ही त्यांची बाजू असे. ही केवळ पळवाट होती असे मी मानत नाही. 'सोंगाड्या'तला नाम्या, हवालदार पांडू, गंगाराम ही माणसे खरोखरच भाबडी आहेत; ढगळ चड्डी, तिचा पुढे लोंबणारा नाडा आणि संकट आले की "आये" अशी लांबवलेली हाक, एवढ्या सामग्रीवर उभी राहिलेली.

भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'तून 1969 मध्ये ते चित्रपटात आले आणि 1971 मध्ये त्यांनी स्वतः 'सोंगाड्या' काढला. दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे होते. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाने देव आनंदच्या हिंदी चित्रपटासाठी तो नाकारल्यावर बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, हा प्रसंग पुष्कळदा सांगून झाला आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की तमाशाचा फड, नाच्या, सोंगाड्या ही माणसे तोवरच्या मराठी चित्रपटात असली तरी सोंगाड्याच्या नजरेतून सगळी कथा पाहण्याचे धाडस इथे झाले. नाम्या आईच्या धाकातला साधा पोरगा आहे आणि तमाशा पाहून तो वेडावतो, एवढेच कथानक; पण त्याच्या वेडावण्यात दादांनी जो निरागस आनंद आणला आहे तो पाहताना आजही माझा ऊर भरून येतो.

त्यानंतर 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', आणि 1975 मध्ये 'पांडू हवालदार'. दादांनी स्वतः दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट, आणि माझ्या मते त्यांचा सर्वांत नेटका. लोकनाट्यातला हवालदार इथे मुंबईच्या रस्त्यावर उतरतो. त्याच्याबरोबर दुसऱ्या हवालदाराच्या भूमिकेत अशोक सराफ आहेत, आणि निर्माता, दिग्दर्शक, नायक असे तिन्ही हक्क हातात असलेल्या विनोदी नटाने दुसऱ्या विनोदी नटाला किती मोकळे सोडावे याचा तो धडाच आहे. अशोक सराफ हशा घेतात तेव्हा दादा बाजूला उभे राहून त्यांच्याकडे पाहत राहतात. नजर हलवून प्रेक्षकाचे लक्ष आपल्याकडे ओढून घेत नाहीत. ज्याने रंगमंचावर काम केले आहे त्याला हे किती कठीण असते ते विचारावे. 'राम राम गंगाराम'मधला अशोक सराफांचा म्हमद्या खाटीक याच मोकळिकीतून जन्माला आला.

संगीताकडेही त्यांनी याच कानाने पाहिले. 'पांडू हवालदार'साठी त्यांनी दोन नवे संगीतकार घेतले आणि त्यांना राम-लक्ष्मण हे नाव दिले. जोडीतले राम लवकर निवर्तले, पण लक्ष्मण म्हणजे विजय पाटील यांनी ते नाव तसेच ठेवले आणि 'मैंने प्यार किया'पर्यंत नेले. 'बोट लावीन तिथं गुदगुल्या'मधली महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांची गाणी आमच्या गावात लग्नाच्या वरातीत बँडवाले हमखास वाजवीत, आणि ती बँडवर जेवढी शोभत तेवढी रेडिओवरही शोभत नसत. ती बांधलीच तशी होती.

1971 च्या 'सोंगाड्या'पासून 1982 च्या 'आली अंगावर'पर्यंत ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरा केला, म्हणजे प्रत्येक चित्रपट पंचवीस आठवडे चालला. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. हा आकडा सगळे सांगतात, म्हणून मी त्यावर थांबत नाही.

थांबायचे आहे ते त्यानंतरच्या काळापाशी. दादांवर माझे प्रेम आहे म्हणूनच हे लिहिले पाहिजे की 1982 नंतरचे चित्रपट मला पुन्हा पाहवत नाहीत. हिंदीत त्यांनी 'तेरे मेरे बीच में' आणि 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' केले, पण बोली हरवली की त्यांचा ठेका हरवतो. हिंदीत तो भाबडा मुलगा कोणत्याच गावचा राहत नाही. मराठीतही पुढे शीर्षकच विनोद होऊन बसले. सर्वांत मोठा बदल चेहऱ्यात झाला. पूर्वी ज्याला दुसरा अर्थ ठाऊक नव्हता, त्याला तो ठाऊक असल्याचे आता दिसू लागले, आणि संकासूर स्वतःच हसला की काल्यातली सगळी गंमत जाते. उषा चव्हाण यांच्यासारखी खणखणीत अभिनेत्री सुरुवातीच्या चित्रपटांत नायकाला तोडीस तोड उत्तर देते, त्याला निरुत्तर करते. नंतरच्या चित्रपटांतल्या स्त्रियांना उत्तर द्यायला वाक्येच उरली नाहीत, त्या केवळ संवादाचे निमित्त झाल्या. हे मला तेव्हाही खटकले होते आणि आज मुलीबरोबर पाहताना अधिक खटकते.

14 मार्च 1998 रोजी दादा गेले. ती बातमी ऐकून काकांनी त्या वर्षीच्या काल्यात संकासुराच्या तोंडी त्यांचे नाव घातले होते. सूत्रधाराने विचारले, तू कुठून आलास, आणि संकासूर म्हणाला, माझा मुंबईचा भाऊ वर गेला, त्याला पोचवून आलो. मांड क्षणभर गप्प झाला आणि मग हसला.

काकांनी आता ऐंशी ओलांडली आहे, संकासुराची टोपी त्यांनी केव्हाच पुतण्याकडे दिली आणि ऐकूही कमी येते. गेल्या चतुर्थीला मी त्यांना मोबाइलवर 'सोंगाड्या' लावून दिला. आवाज त्यांच्यापर्यंत धड पोचत नव्हता. नाम्या वाक्याच्या शेवटाशी येऊन थांबला तेव्हा काकांच्या बोटांनी मांडीवर दोन मात्रा मोजल्या, तिसरीला ते हसले, आणि पडद्यावरचा शब्द त्यानंतर आला.